दोन दातांमधली फट

४ मेहर

आज सकाळी चहाबरोबर माझा दात गेला.

नेहमीसारखा साखरेचा खडा दातांत धरला, वरून चहा ओढला. खडा विरघळला तरी तोंडात काहीतरी टणक घोळतच होतं. म्हटलं, हल्ली साखरसुद्धा भेसळीची यायला लागली. बोटांनी काढून पाहिलं तर दात. वरचा, मधला, डावा. मुळासकट. रक्त फारसं नाही, दुखलंही नाही. गेलं वर्षभर तो हलत होता आणि मी तो हलत नाही असं समजून चाललो होतो.

तूबा स्वयंपाकघरातून आली. बशीतला दात पाहिला, तोंडावर हात धरला आणि म्हणाली, "दुखतंय का हो?"

"नाही."

"मग नशीबवान आहात," म्हणाली, आणि गॅसवरचं उतू जातंय म्हणून परत गेली. पस्तीस वर्षांचा संसार, आणि सांत्वन म्हणून एवढंच!

तिला काय कळणार? दुसऱ्या कुणाचा दात पडला तर तो जरा कमी हसतो, मांस बारीक करून खातो, संपलं. माझा हा दात म्हणजे माझी अर्धी नेय आहे. इस्फहानची नेय, ही बोरूची नळी, बासरीसारखी ओठांवर टेकवत नाहीत, दातांत अडकवतात. वरच्या दोन दातांमध्ये नळीची पितळी कड बसवायची, जिभेने वारा वळवायचा, सूर तोंडाच्या आतच तयार होतो. माझ्या त्या दोन दातांमध्ये जन्मापासून फट, गव्हाचा दाणा मावेल एवढी. शाळेत पोरं चिडवायची. बाराव्या वर्षी उस्ताद याह्यांकडे नेलं तेव्हा त्यांनी ना गायला लावलं, ना बोटं पाहिली. म्हणाले, "आ कर." घोडा विकत घेताना पाहतात तसं तोंडात पाहिलं आणि आईला म्हणाले, "राहू दे पोराला इथे. हा घर बांधूनच आलाय."

दुपारी न्हाणीघराचं दार लावून नेय लावून पाहिली. फुस्स. नुसती हवा. घाईघाईने कापडात गुंडाळून ठेवली.

ही वही पाटबंधारे खात्याची. निवृत्त होताना अशा तीन उचलून आणल्या होत्या. नेयचा रोजचा वेळ आता कुठेतरी घालवायला हवा, आणि हे कुणाशी बोलण्यासारखं नाही.

६ मेहर

भीती नक्की कसली, ते लिहूनच टाकतो.

माझ्याकडची नेय माझी नाही, उस्ताद याह्यांची आहे. ते गेले तेव्हा सगळ्या शिष्यांनी ठरवलं, दर वर्षी ५ इस्फंदला त्यांच्या पुण्यतिथीला कबरीपाशी जमायचं आणि ज्याच्याकडे नेय असेल त्याने वाजवायचं. ज्याला वाजवता येईनासं झालं त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, ती पुढच्याच्या हातात द्यायची. माझ्याआधी ती शोकूहींकडे होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे सगळे पुढचे दात गेले. इस्फंदमध्ये त्यांनी मला नेय दिली. मी ओढली तरी त्यांची बोटं सुटत नव्हती. महिनाभरात, नवं वर्ष नवरोज उजाडायच्या आत, माणूस गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. मी काय ते समजलो.

आज मेहरची सहा. पाच महिने आहेत माझ्या हातात.

९ मेहर

सय्यद तकीकडे जाऊन आलो. तांबटांच्या गल्लीमागे त्याचं दुकान, शिक्षण काही नाही, पण चाळीस वर्षं कवळ्या बनवतोय. खिडकीत अजून त्या गुलाबी हिरड्या मांडून ठेवतो, मेल्याला लाज कशी वाटत नाही!

म्हणाला, "एका दाताची काढघालीची कवळी करून देतो. टाळूला चिकटून बसेल. आठवड्यात तयार, आणि पैसे म्हणाल तर आपल्या इथल्या ‘गज’ मिठाईच्या एका डब्याएवढे."

"टाळूला का चिकटायचं?"

"नाहीतर पडेल ना!"

टाळूवर प्लास्टिक आलं तर जीभ वारा कुठे वळवणार? निघताना म्हणतो, "माझं काम कसं असतं ते घरी विचारा, आगा. तूबाखानुमना विचारा."

तूबाने मागे कधीतरी त्याच्याकडून काहीतरी बसवून घेतलं होतं खरं. तिने कधी तक्रार केलेली नाही, म्हणजे काम बरं असणार. पण ती काही नेय वाजवत नाही.

१६ मेहर

मोठ्या दवाखान्यात गेलो, काचेचे दरवाजे, नंबर लागतो, भिंतीवर पांढरेशुभ्र दात दाखवत हसणाऱ्या बायका. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा असता, मला मुलगा असता तर. त्याने फोटो काढला, पेनाने दाखवत गेला. एक मार्ग ब्रिजचा. दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक करायचे आणि तिघांवर मिळून टोपी चढवायची. म्हणजे फटीची दुसरी भिंतसुद्धा आपल्या हाताने पाडायची! मी "नाही" एवढ्या जोरात म्हणालो की बाहेरची नर्स डोकावली.

दुसरा मार्ग इम्प्लांट. हाडात स्क्रू, तीन-चार महिने थांबायचं, मग त्यावर दात. मी विचारलं, "त्यावर नेय वाजवता येईल?" आणि कशी धरतात ते दाखवलं.

तो पेन फिरवत राहिला. मग म्हणाला, "इम्प्लांट खालून वर दाब सोसतं, आडवा सोसत नाही. तुम्ही त्यावर रोज पितळ रेटलंत तर एक दिवस स्क्रू तुटेल किंवा हाड जाईल. मी सांगू का? या वयात दुसरा एखादा छंद बघा."

छंद!

बाहेर येऊन बसथांब्यावर बसलो. तीन बसगाड्या गेल्या, उठवतच नव्हतं. हा मनुष्य खरं बोलत असेल तर?

१८ मेहर

घरात बोलणी झाली. म्हणजे मी बोललो. तूबा पाव चहात बुडवून खात ऐकत होती. पावाच्या कडा ती नेहमी काढून माझ्या ताटात टाकते, मला कडा आवडतात म्हणून.

मी म्हटलं, कवळी नको, ब्रिज नको, इम्प्लांट महाग आणि तेही तुटणार. ती म्हणाली, "महाग असलं तरी जे तोंडाला मानवेल तेच घ्या. पुन्हा पुन्हा कोण जातं?"

"सोपं आहे तुला म्हणायला."

"हो ना," म्हणाली आणि कप उचलून गेली.

आम्हा इस्फहानवाल्यांना सगळा देश कंजूष म्हणतो. म्हणोत. पण आज माझी बायको पाच महिन्यांच्या पेन्शनचा खर्च एवढ्या सहज बोलली, आणि मलाच घाम फुटला.

२५ मेहर

नवी डॉक्टर गाठली. डॉ. आझीता, तिशी-बत्तिशीची, स्वतःचा लहानसा दवाखाना, हात हलका. मला "बाबा" म्हणते.

"काय करता, बाबा?"

"निवृत्त. पाटबंधारे."

"नदीलाच पाणी नाही, मग निवृत्त न होऊन करणार काय!" असं म्हणून खळखळून हसली. मग माझ्या कागदावर लिहिता लिहिता तिने विचारलं, "दातांनी काही धरायची सवय? बिया फोडणं, दोरा तोडणं, खिळे धरणं?"

इथे मी मेलो. खरं सांगितलं तर हीसुद्धा तेच म्हणणार, करू नका. मी म्हणालो, "छे, छे. काही नाही."

खोटं लिहून झालं, सही पण केली. निघताना "किती द्यायचे?" विचारलं. "असू द्या हो, तुमच्यापुढे पैशाचं काय!" पुन्हा विचारलं. "लाजवू नका, बाबा." तिसऱ्यांदा विचारल्यावर आकडा आला. तो आकडा दोनदा "असू द्या" म्हटल्यावरच सांगायचा असतो, नाहीतर माणूस तिथेच आडवा व्हायचा. आमचा तारोफ हा असा. तोंडावर गोड, आणि आत ज्याला जे समजायचं ते त्याने समजून घ्यायचं.

३ आबान

स्क्रू बसवला. दुखलं नाही, पण हाडात फिरताना आवाज डोक्याच्या आतून येतो. खुर्चीचे हात मी इतके घट्ट धरले होते की डॉक्टरीण म्हणाली, "बाबा, खुर्ची माझी आहे, ठेवून जा." वर तात्पुरता दिखाऊ दात, त्याला धक्का लावायचा नाही.

मनात सारखं एकच. हे मी खोटं सांगून बसवून घेतलंय.

१९ आबान

गोलनार आली होती. माझी शेवटची शिष्या, सव्वीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करते. तिच्याही दातांत फट आहे, माझ्याहून जरा बारीक. माझ्यानंतर नेय तिच्याकडे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे. तिला तर आहेच आहे. शिकवणी बंद आहे तरी दर आठवड्याला येते, बहीची पिवळी आंबट फळं घेऊन, डाळिंबं घेऊन, आणि पहिला प्रश्न, "उस्ताद, दात कसा आहे?"

गिधाडसुद्धा इतक्या प्रेमाने चौकशी करत नसेल.

मी विचारलं, "रियाज चालू आहे ना?"

"नाही हो उस्ताद. नेयला हातच लागत नाही हल्ली."

"आळशी," मी म्हणालो. ती हसली, आणि तूबाबरोबर डाळिंबं सोलत बसली. तूबा दाणे खात नाही, रस काढून पिते.

११ आझर

वाजवलं नाही.

१२ आझर

नाही.

६ देय

आज खाजूच्या पुलाखाली गेलो. नदी कोरडी, तरी कमानीखाली माणसं गातातच. एक म्हातारा काय गात होता! मला ओळखून थांबला. "आगा एनायत, या, दोन सूर भरा मागे." मी गळ्याकडे बोट दाखवलं. गळा! जणू नेय गळ्याने वाजते. त्याच्याही लक्षात आलं असणार, पण भिडेखातर काही बोलला नाही. मी वर पुलावर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. मला शोकूहींची बोटं आठवत होती.

दोन महिने राहिले.

१४ बहमन

दात बसला. आणि मी बरबाद झालो.

शांतपणे लिहितो. डॉ. आझीताने नवा दात चढवला, दिवा वळवला, आरसा हातात दिला. माझा दात माझाच वाटत होता, रंग, उंची, सगळं. पण फट नव्हती! दोन दात एकमेकांना चिकटून उभे, जसे सिनेमातल्या लोकांचे असतात.

ती इतकी खूश होती. "बघा! जन्मभर ती फट घेऊन फिरलात ना? मी नवा दात कणभर रुंद करून घेतला आणि शेजारच्याला जरा भर दिली. त्याचे वेगळे पैसे नाहीत, बाबा, माझ्याकडून भेट. आवडलं?"

आता मला सांगा, भेट दिलेल्या गोष्टीला माणूस काय म्हणतो? माझ्या तोंडातून आपोआप आमचे ठरलेले आभार निघाले, "तुमच्या हाताला दुखू नये, डॉक्टरखानुम. नवरदेव केलंत मला."

"मनापासून ना? सध्या कच्च्या सिमेंटवर बसवलाय. दहा दिवस वापरून बघा. काही वाटलं तर सांगा, नाहीतर चोवीसला कायमचा चिकटवते."

"काही वाटायचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. मूर्ख! गाढव!

१५ बहमन

सकाळी तूबा बाजारात गेल्यावर नेय काढली. पितळी कड दातांवर नुसती सरकते. धरायला जागाच नाही. ओठांच्या कोपऱ्यातून, खालच्या दातावर, मान वाकडी करून, सगळं करून पाहिलं. हवा, हवा आणि हवा. पन्नास वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी असा आवाज आला होता माझा.

१७ बहमन

आज पुन्हा नेय लावून बघत होतो, गोलनार नेमकी तेव्हाच आली. दारातूनच तिने ऐकलं असणार. बसली, चहा घेतला, खाली मान घालून म्हणाली, "उस्ताद, रागावू नका. सूर येत नाहीये. दात चुकीचा बसलाय. परत जा त्यांच्याकडे."

"तुला घाई झालेली दिसते," मी म्हणालो.

ती लालबुंद झाली. कप खाली ठेवला आणि उठून गेली. बही टेबलावरच राहिली. मला वाईट वाटलं, पण मी तिला हाक मारली नाही.

१९ बहमन

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी जेवायला जमिनीवर दस्तरखान अंथरलं होतं, आबगूश्त होतं. मी दोन घास खाल्ले आणि मला राहवलं नाही. सगळं बोलून टाकलं. डॉक्टरला खोटं सांगितलं ते, फट बुजवली ते, सूर येत नाही ते. नेय द्यावी लागणार, शोकूहींसारखी, सगळ्यांसमोर. आणि मग? मग नवरोजपर्यंत तरी मी आहे का? मी रडायलाच लागलो, साठीच्या पुढचा बाप्या, मटणाच्या रश्शात अश्रू पडले असतील.

तूबा म्हणाली, "मग चोवीसच्या आत जाऊन सांगा तिला."

"कसं सांगू? पोरीने प्रेमाने केलंय. वर भेट म्हणून केलंय. मी तोंडाने म्हणालोय नवरदेव केलंत! आता कुठल्या तोंडाने जाऊन म्हणू की वाटोळं केलंत? आणि नेयचं सांगितलं तर खोटारडा ठरतो तो वेगळाच. त्यापेक्षा मेलेलं बरं."

तूबाने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे वळली, तोंडात बोटं घातली, आणि वळून दस्तरखानावर, पावाच्या शेजारी, काहीतरी ठेवलं. गुलाबी टाळू आणि वर आठ-नऊ दात. मागची एक कड घासून घासून पांढरी झालेली.

तिचे गाल आत गेले. माझ्या बायकोला मी असं कधी बघितलंच नव्हतं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. शब्द जरा बोबडे येत होते. "पहिल्या दिवसापासून टोचते. सय्यद तकीने विचारलं, कशी बसलीय? त्याची म्हातारी आई शेजारी बसली होती. तिच्यादेखत मी म्हणाले, तुमच्या हाताला दुखू नये, अगदी छान. घरी आले तर घास चावेना. दुसऱ्या दिवशी जायला लाज वाटली. आठवड्याने जास्त वाटली. मग वर्ष झालं, मग कसं जायचं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तेहरानला होता, वाजवायला. आल्यावर म्हणालात, छान दिसतेस." तिने कवळी ओढणीआड उचलून घेतली. "मी म्हटलं, चला, छान तर दिसतेय. आता तुम्ही जा आणि सांगा त्या मुलीला. एका घरात एक पुरे."

मी माझ्या ताटाकडे पाहिलं. कडेला पावाच्या कडा पडल्या होत्या, अकरा वर्षं पडत आल्यात तशा.

२० बहमन

गेलो. दवाखान्याच्या दारापर्यंत. आतून ती कुणाशी तरी हसत बोलत होती. परत आलो. जेवताना तूबा जबडा कशी हलवते ते दिसत होतं. आता दिसायचं थांबत नाही.

२४ बहमन

नेय कापडात गुंडाळून, कोटाच्या आत लपवून घेऊन गेलो. खुर्चीत बसलो. तिने हातमोजे चढवले, सिमेंट कालवायला घेतलं. "तर नवरदेव, कायमचं लग्न लावायचं ना?"

ती जवळ आली तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"नको."

"दुखतंय?"

"नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं." आणि कोटातून नेय काढली.

पुढचं एका दमात बोलत सुटलो. सगळं. तिचं हसू हळूहळू गेलं. शेवटी तिने हातमोजे काढले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. वाटलं, आता हाकलते.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं, बाबा," ती म्हणाली. "एकदा सवयीचं, एकदा आवडलं का. दोन्ही वेळा गोड बोललात. तुमच्या गोड बोलण्याने तुमचं तोंड मी माझ्या हाताने बंद केलं असतं ना कायमचं!"

"चूक झाली."

"झालीच." मग बराच वेळ नेय हातात घेऊन तिने ती पितळी कड तपासली. त्या कडेवर उस्तादांच्या दाताची खूण आहे, त्याखाली शोकूहींची, त्याखाली माझी. तिने विचारलं कुठली कुणाची. मी सांगितलं. तिने शेजारच्या दाताला दिलेली भर खरवडून काढली, नवा दात उपसला आणि मऊ मेण लावून म्हणाली, "धरा आता. जशी वाजवताना धरता तशी. वाजवा."

दवाखान्याच्या खुर्चीत, छातीवर प्लास्टिकचा रुमाल, मी नेय लावली. मेणात कड रुतली. सूर कसला येतोय, पण फटीचा साचा त्यात उमटला. त्यावरून नवा दात बनून येईल.

"ऐका," ती म्हणाली. "हा दहा वर्षं टिकेल किंवा दहा दिवस. मी हमी देत नाही. रोज वाजवायचं नाही. कड जोरात दाबायची नाही. आणि हलल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी यायचं. खोटं न बोलता."

"पैसे? या दुसऱ्या दाताचे?"

"असू द्या," ती म्हणाली. मग स्वतःच थांबली. "नाही, असू नका देऊ. अर्धे द्या. चूक दोघांची आहे."

इतका स्वच्छ आकडा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

५ इस्फंद

नवा दात तीन दिवसांचा. एकदाच वाजवून पाहिला, दहा श्वास, त्याहून जास्त धीर झाला नाही. प्रत्येक सुराला वाटायचं, आता कट्‌ म्हणणार.

कबरीपाशी चौदा जण. थंडी, पण ऊन होतं. तूबा पहिल्यांदाच आली, दगडावर उशी घालून बसली. म्हातारा जाफरी, माझा गुरुबंधू, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एनायत, जमणार ना रे? नसेल तर संकोच नको, गोलनार आहे."

गोलनार मागून म्हणाली, "मी नेय घरीच विसरले."

"उस्तादांचीच वाजव की!"

"सर्दी झालीय मला."

विसरभोळी, आणि वर सर्दी! सकाळी फोनवर आवाज ठणठणीत होता. वर्षातून एकदा येणाऱ्या दिवशी नेय विसरते, या पोरीचं पुढे कसं व्हायचं! मी मागच्या वेळी बोललो त्याबद्दल फोनवर माफी मागितली होती, तेव्हा नुसती म्हणाली, बही आंबट होती का हो?

नेय लावली. कड फटीत बसली. डोळे मिटले नाहीत, भीती वाटत होती. पहिला सूर जाड आणि घोगरा आला, माझा नाही. दुसराही नाही. जाफरीने मान खाली घातली ते मला दिसलं. मग मला डॉक्टरीण आठवली, जोरात दाबायची नाही. मी दाब सोडला. आणि वारा आपोआप वळला.

आला. जुना नाही, पण आला. खालचे दोन सूर आता माझ्याकडून निघत नाहीत, ते गेले. बाकीचे आहेत. सगळा वेळ जीभ दाताच्या मुळाशी लागून होती, हलतोय का बघत. पुढेही मी असाच वाजवणार, घाबरत.

नेय परत कापडात गुंडाळली. जाफरीने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. तूबा रडत होती आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसतही होती. मी तिचे हात खाली ओढले.

२८ इस्फंद

नवरोज दोन दिवसांवर. मी अजून आहे.

तूबाची नवी कवळी आज तोंडात चढली. तिला तिथे नेईपर्यंत दोन आठवडे गेले. "माझं काय आता, सणाच्या तोंडावर खर्च कशाला," असलं सगळं ऐकून घेतलं. डॉ. आझीताने तिच्या हिरड्या बघितल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

कवळी बसली. डॉक्टरने विचारलं, "आई, चावून बघा. कुठे टोचतंय का?"

तूबा चावली. तिचा डावा हात खुर्चीवर आवळला गेला.

"नाही हो," ती म्हणाली. "तुमच्या हाताला दुखू नये. अगदी छान."

मी उठून उभा राहिलो. "टोचतंय. डावीकडे, मागे."

"अहो, बसा ना. थोडंसंच आहे."

"थोडंसं नाही, डॉक्टरखानुम. खूप टोचतंय तिला. घासा."